‘गावातच मिटवू’ म्हणणाऱ्यालाही कायदा सोडत नाही

कबनूर : जून उजाडला की आपल्याकडं दोनच गडबडी असतात. एक पेरणीची आणि दुसरी शाळेची. इचलकरंजीच्या बाजारपेठेत दप्तर, गणवेश, रेनकोट घ्यायला झुंबड उडते. कबनूर, चंदूर, कोरोची, तारदाळ भागातले मागावर काम करणारे आई-बाप अॅडव्हान्स उचलून पोरांच्या फिया भरतात. प्रवेश घेताना आपण काय विचारतो? फी किती, गाडी दारात येते का, इंग्रजी कसं शिकवतात, दहावीचा निकाल किती टक्के.

आपलं पोर दिवसातले सहा-सात तास कोणाच्या ताब्यात असणार, त्या माणसाची कोणी चौकशी केली आहे का, आणि उद्या काही वावगं घडलं तर शाळा पहिला फोन कुणाला करणार, हे मात्र आपण विचारत नाही. मीही माझ्या दोन पोरांच्या वेळी विचारलं नव्हतं.

बदलापूरची घटना २०२४ च्या ऑगस्टमधली. त्या वेळी राज्यभर मोर्चे निघाले, आपल्याकडंही मेणबत्त्या लागल्या. त्यानंतर शाळांत कॅमेरे आले, कागदावर समित्या आल्या. पण जी गोष्ट मुळात चुकली होती ती दुरुस्त झाली का, हे शाळा उघडतानाच तपासलेलं बरं. घटना घडल्यावर तपासून उपयोग नाही.

बदलापुरात नेमकं चुकलं कुठं?

तारखा बघितल्या की चित्र साफ होतं. १ ऑगस्ट २०२४ ला त्या शाळेत एक सफाई कामगार कंत्राटी पद्धतीनं, बाहेरच्या एजन्सीमार्फत कामाला लागला. पुढच्या पंधरवड्याच्या आतच बालवाडीतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला. मुलींनी घरी दुखतंय म्हणून सांगितलं, आई-बापांनी दवाखान्यात तपासणी केली आणि १६ ऑगस्टला पोलीस ठाणं गाठलं. तिथं गुन्हा नोंदवून घ्यायला तासन् तास गेले, पार रात्र झाली. १७ ऑगस्टला आरोपीला अटक झाली. २० ऑगस्टला लोकांचा संयम सुटला आणि बदलापूर स्टेशनात सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकल अडवल्या गेल्या. मग सरकार हललं, विशेष तपास पथक नेमलं गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली.

पुढं २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. लोकांनी पेढे वाटले. पण आरोपी मेला आणि त्याच्यावरचा खटला उभाच राहिला नाही. त्याला पंधरवड्यासाठी कोणी आणि कसं कामाला घेतलं, बालवाडीच्या मुलींच्या स्वच्छतागृहाकडं पुरुष कर्मचारी कसा, कॅमेऱ्याचं चित्रण कुठं गेलं, आणि शाळेला समजल्यावर शाळेनं पोलिसांना का कळवलं नाही, हे प्रश्न गोळीनं सुटत नाहीत. संस्थेच्या अध्यक्ष आणि सचिवांवर ‘माहिती असून कळवलं नाही’ म्हणून पॉक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल झाला आणि ऑक्टोबरात त्यांना अटकही झाली. तो गुन्हा खरा की खोटा हे न्यायालय ठरवेल. माझ्या मते साऱ्या प्रकरणात आपल्यासारख्या गावांनी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट हीच आहे. गुन्हा फक्त करणाऱ्यावर नोंद झाला नाही, गप्प बसण्याबद्दलही नोंद झाला.

कॅमेरा आला, बघतो कोण?

२१ ऑगस्ट २०२४ ला शालेय शिक्षण विभागानं शासन निर्णय काढला. शाळांनी महिन्याभरात सीसीटीव्ही बसवायचे. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा चित्रण तपासायचं. कर्मचारी नेमताना, मग तो कायम असो नाहीतर कंत्राटी, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यायची. तक्रारपेटी ठेवायची. काही अनुचित घडलं तर २४ तासांच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवायचं. उच्च न्यायालयानं निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींनंतर २०२५ च्या मे महिन्यात सरकारनं पुन्हा सविस्तर सूचना काढल्या.

यातल्या निम्म्या गोष्टी नव्या नव्हत्याच. तक्रारपेटीचा निर्णय २०१७ चा. सखी सावित्री समितीचा मार्च २०२२ चा. ही समिती शाळा, केंद्र आणि तालुका अशा तिन्ही पातळ्यांवर असायची आहे. शाळेच्या समितीत शिक्षिका, पालक, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील आणि खुद्द विद्यार्थीही असावेत अशी त्यात कल्पना आहे. शाळेशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळानं करा, हे तर पॉक्सोच्या २०२० च्या नियमांतच लिहिलंय. म्हणजे बदलापूर घडलं तेव्हा नियम होते, ते पाळणारं कोणी नव्हतं.

कॅमेऱ्याबद्दल माझा विरोध नाही. पण शेतकरी म्हणून एक सांगतो. विहिरीवर ऑटो स्टार्टर बसवला म्हणून कुणी पिकाकडं जायचं सोडत नाही. बसवलेला कॅमेरा चालू आहे का, त्याचं चित्रण किती दिवस राहतं आणि ते बघतो कोण, हे विचारणारं माणूस लागतं. शिवाय वर्गात, स्वच्छतागृहात, व्हॅनमध्ये, सरांच्या घरच्या क्लासमध्ये कॅमेरा पोचत नाही. आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड ज्याच्याकडं असतो, तोच माणूस दोषी निघाला तर?

कुरळप लांब नाही

हा प्रश्न मी हवेत विचारत नाही. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातल्या कुरळपला हेच घडलं. २०१८ च्या सप्टेंबरात तिथल्या आश्रमशाळेतलं प्रकरण उघड झालं. निवासी शाळेतल्या अल्पवयीन मुलींवर अत्याचार करणारा बाहेरचा कुणी नव्हता, संस्थेचा संस्थापकच होता. त्याला साथ दिल्याबद्दल तिथल्या स्वयंपाकाच्या बाईलाही अटक झाली. पुढं इस्लामपूरच्या न्यायालयानं संस्थापकाला जन्मठेप ठोठावली.

प्रकरण बाहेर कसं आलं? पोलिसांकडं एक निनावी पत्र गेलं, त्यातून. त्या शाळेत मुख्याध्यापक होते, शिक्षक होते, अधीक्षक होते, वरून तपासणीला येणारे अधिकारी होते. तरी मुलींचं दुःख बाहेर पडायला एक बिननावाचा कागद लागला. आपल्या मुलांनी बोलायचं ठरवलं तर त्यांच्यासाठी वाट आहे का? त्या शाळेत नव्हती. ज्याच्याकडं तक्रार करायची तोच मालक, आणि बाकीच्यांची चूल त्याच्याच पगारावर पेटते.

खासगी संस्थेत नोकरी करणारा मास्तर संस्थाचालकाविरुद्ध ब्र काढत नाही. कंत्राटी शिपायाची तर गोष्टच सोडा. म्हणून ‘शाळेची अंतर्गत समिती बघून घेईल’ हे उत्तर पुरेसं नाही. तक्रारीची एक वाट शाळेच्या गेटबाहेर जाणारी हवी.

मी त्या बैठकीत होतो

इथं मला माझंच एक सांगायचंय. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गाव, शाळा, इयत्ता सांगत नाही, कारण त्या मुलीची ओळख पटता कामा नये.

रात्रीची पाण्याची पाळी होती. मी उसात होतो. एक ओळखीचा माग कामगार बांधावर आला. खाली बसला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “दादा, पोरगी साळंला जायाला नगं म्हनती. सर जादा तासाला थांबवून घेतो आन् नको तिथं हात लावतो.” पेपरवाला म्हणून तो माझ्याकडं आला होता. मी त्याला म्हणालो, उद्या जाऊ शाळेत.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या ऑफिसात आम्ही बसलो. संस्थेचे दोघं, गावातले दोन प्रतिष्ठित, मी आणि तो बाप. चहा आला. कुणी आवाज चढवला नाही. “अवो, पोरीच्या जातीचं हाय, उद्या लगीन करायचंय, कशाला बभ्रा करता?” एक जण बोलला. दुसरा म्हणाला, एवढ्या वर्षांचं संस्थेचं नाव आहे, ह्यात शेकडो पोरं शिकत्यात. सरांना समज देऊ, इथून हलवू. मग एक कागद पुढं आला, ‘माझी कोणतीही तक्रार नाही.’ बापानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यानं सही केली.

सर त्याच संस्थेच्या दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेत गेले. मुलीची शाळा बंद झाली, ती आईबरोबर कांड्या भरायला जाऊ लागली. मी बातमी दिली नाही. त्या दुसऱ्या शाळेतल्या पोरींचं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. तेव्हा मला वाटलं होतं, आपण एका गरिबाची अब्रू वाचवली.

बदलापूरनंतर मी पॉक्सो कायदा पहिल्यांदा नीट वाचला. तेव्हा कळलं की त्या दिवशी खुर्चीवर बसलेल्या आम्हा सगळ्यांनीच कायदा मोडला होता.

कायदा काय म्हणतो?

लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण अधिनियम, म्हणजे पॉक्सो, २०१२ चा. अठरा वर्षांखालचा मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही तो लागू. त्यातल्या या चार कलमांची माहिती गावातल्या प्रत्येकाला पाहिजे.

कलम १९ : असा गुन्हा घडला आहे किंवा घडण्याची शक्यता आहे, हे ज्याला कळलं त्या कोणत्याही व्यक्तीनं पोलिसांना कळवलंच पाहिजे. ‘कोणत्याही’ या शब्दात शिक्षक, डॉक्टर, सरपंच, पत्रकार, शेजारी सगळे आले. चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर उलट खटला भरता येत नाही, हेही त्याच कलमात आहे.

कलम २१ : माहिती असून कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेचा प्रमुख असेल आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा त्यानं दडवला तर वर्षापर्यंत कैद आणि दंड.

कलम ५ आणि ६ : शाळेच्या व्यवस्थापनातल्या किंवा नोकरीतल्या माणसानं मुलावर बलात्काराच्या स्वरूपाचा अत्याचार केला तर तो ‘गंभीर’ प्रकारात मोडतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान वीस वर्षांची शिक्षा आहे. नुसता वाईट हेतूनं स्पर्श केला तरी कलम ९ आणि १० प्रमाणे शाळेतल्या माणसाला किमान पाच वर्षं.

कलम २३ : मुलाचं नाव, पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, म्हणजे ज्यातून ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही. हे आम्हा बातमीदारांसाठी, आणि आता व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड करणाऱ्या प्रत्येकासाठी.

याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे आणि तो आपल्या महाराष्ट्रातल्याच प्रकरणातला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला प्रकार समजूनही त्यानं कळवलं नाही, असा पोलिसांचा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला. राज्य सरकार अपिलात गेलं. २ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. मुलावरचा लैंगिक अत्याचार माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि बहुतेक वेळा तो आरोपीला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, असं न्यायालयानं सांगितलं.

मी पंधरा वर्षं तालुक्याच्या बातम्या देतो. मारामाऱ्या, चोऱ्या, ऊसदराची आंदोलनं सगळं लिहिलं. पण आपल्या भागात कलम २१ खाली कुणावर गुन्हा नोंद झाल्याची बातमी एकदाही माझ्या हातून गेली नाही. म्हणजे आपल्याकडं कुणी दडवतच नाही, असं मला तरी म्हणवत नाही.

बदली म्हणजे शिक्षा नव्हे

आपल्याकडं मास्तरबद्दल तक्रार आली की पहिला उपाय बदली. जिल्हा परिषदेच्या शाळेतही आणि संस्थेतही. गावाचा राग शांत होतो, संस्थेचं नाव राहतं, मास्तरची नोकरीही राहते. फक्त तो माणूस नव्या गावात, नव्या पोरांपुढं, कोऱ्या पाटीनं उभा राहतो.

हे फक्त आपल्याकडचंच नाही. ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ अशी पाच वर्षं एका राष्ट्रीय आयोगानं शाळा, वसतिगृहं, अनाथालयं, धार्मिक संस्था यांची चौकशी केली. आठ हजारांवर लोकांनी आयोगापुढं खासगीत बसून आपल्या लहानपणीची कहाणी सांगितली. संस्थांनी मुलांपेक्षा स्वतःच्या नावाला जपलं आणि तक्रार आलेल्या माणसांना पुन्हा पुन्हा दुसऱ्या ठिकाणी हलवलं, हे तिथंही निघालं. कित्येकांनी तोंड उघडलं तेव्हा त्यांचे केस पिकले होते.

तक्रार लैंगिक स्वरूपाची असेल तर आधी पोलिसांत माहिती, मग निलंबन, मग खात्याची चौकशी, हाच क्रम हवा. खात्याची चौकशी चालू आहे म्हणून पोलिसांना कळवायचं थांबवता येत नाही. ‘आधी आम्ही खातरजमा करतो’ हे वाक्य ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण खातरजमा करणं पोलिसांचं काम आहे. शाळेचं काम कळवण्याचं.

छडीपासून सुरू होतं

आणखी एक गोष्ट जोडून बघायला हवी. २०१७ च्या नोव्हेंबरात आपल्याच जिल्ह्यात, चंदगड तालुक्यातल्या एका शाळेत आठवीतल्या मुलीला गृहपाठ केला नाही म्हणून ५०० उठाबशांची शिक्षा दिली गेली. तीनशेच्या आसपास ती कोसळली आणि तिला कोल्हापूरला सीपीआरमध्ये उपचार घ्यावे लागले. २०२५ च्या जुलैमध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींचे कपडे उतरवून मासिक पाळीची तपासणी केली गेली, मुख्याध्यापिकेला अटक झाली.

ह्या दोन्ही गोष्टी अत्याचाराच्या आपल्या नेहमीच्या व्याख्येत बसत नाहीत. ‘शिस्त’ म्हणून त्या खपतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला २०१० पासून बंदी आहे, तरी आपण पालकच मास्तरला सांगतो, “सर, हाणा त्याला, आमची तक्रार नाही.” आपल्या शरीराशी मोठी माणसं काहीही करू शकतात आणि आई-बापाची त्याला परवानगी आहे, असं पोर त्यातून शिकतं. मग उद्या कुणी नको तसा हात लावला तर ते पोर आपल्याला येऊन सांगणार कसं?

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये तेरा राज्यांत केलेल्या पाहणीत ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं होतं. त्यात मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हतं. त्रास देणारे निम्मे लोक ओळखीचे किंवा विश्वासातले होते, आणि बहुतेक मुलांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणून ‘मला पोरगाच आहे, मला कसली काळजी’ असं म्हणणाऱ्यांनीही हे वाचावं.

आपल्या भागाची अडचण वेगळी

कबनूर म्हणजे अर्धं गाव, अर्धं शहर. घरात बाप मागावर बारा तासांच्या पाळीला, आई कांड्या भरायला नाहीतर घरकामाला. उत्तर भारतातून, कर्नाटकातून आलेली कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांची पोरं इथल्या शाळेत शिकतात. त्यांच्या आई-बापाला मराठी लिहिता येत नाही, पालक सभेला यायचं तर पाळी बुडते, आणि पोलीस ठाण्याची पायरी चढायची भीती वाटते. अशा पोराला कुणी त्रास दिला तर बोलणारं कोण? त्रास देणारालाही हे ठाऊक असतं.

दुसरं, शाळेत आता फक्त मास्तर नाहीत. सफाईवाला एजन्सीचा, व्हॅनवाला खासगी, संगणकाचे सर तासावर, खेळाचे कोच सुट्टीपुरते, पोषण आहार शिजवणारी माणसं वेगळी. ह्या प्रत्येकाचा मुलांशी रोज संबंध येतो. यांची पडताळणी कुणी करायची असं विचारलं तर शाळा एजन्सीकडं बोट दाखवते आणि एजन्सी शाळेकडं. नियमाप्रमाणं ही जबाबदारी शाळेची आहे.

मास्तरांची बाजूही ऐकू

हे लिहिताना ओळखीच्या तीन-चार शिक्षकांशी बोललो. त्यांची तक्रार खोटी नाही. “पोराला मोठ्यानं बोललं तरी पालक अंगावर येतात. उद्या कुणी आकसानं नाव घातलं तर आयुष्य उठतं,” एक गुरुजी म्हणाले. मुद्दाम, त्रास द्यायच्या हेतूनं खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला पॉक्सोच्या कलम २२ मध्ये शिक्षा आहे. लहान मुलाला मात्र नाही, आणि ते बरोबरच आहे.

माझं म्हणणं असं आहे की लेखी नियम मास्तरलाही वाचवतो. जादा तास उघड्या दाराच्या वर्गात, एकट्या मुलाला थांबवून घ्यायचं नाही, मुलांशी वैयक्तिक मोबाइलवर चॅटिंग नाही, सहलीला शिक्षिका सोबत असल्याशिवाय मुली नाहीत. असं ठरलेलं असलं की सरळ माणसावर संशय यायला जागा राहत नाही. आणि वाकड्या माणसाचं वागणं लगेच डोळ्यात येतं. चांगले शिक्षक जास्त आहेत. पण त्यांनी आपल्या सहकाऱ्याबद्दल कुजबुजत बसण्यापेक्षा कळवायला हवं. नाहीतर कलम २१ त्यांच्यापर्यंतही येतं.

जमावानं शाळा फोडणं हाही उपाय नव्हे. बदलापुरात आंदोलनानंतर शेकडो लोकांवर गुन्हे दाखल झाले. त्या दोन मुलींना त्यातून काय मिळालं?

पहिल्या पालक सभेत हे विचारा

अनुदानित आणि सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. म्हणजे विचारायचा हक्क आपलाच आहे. खासगी विनाअनुदानित शाळेतही फी भरणारा पालक म्हणून विचारता येतं.

१. सखी सावित्री समितीत कोण कोण आहे? नावं आणि फोन नंबर दर्शनी फलकावर आहेत का? शेवटची बैठक कोणत्या तारखेला झाली?

२. शिक्षक, शिपाई, सफाई कामगार, व्हॅनचालक, कोच यांच्यापैकी किती जणांची पोलीस पडताळणी झाली आहे? कागद दाखवता येईल का?

३. तक्रारपेटीची चावी कुणाकडं? ती कुणासमोर उघडतात? पेटी मुख्याध्यापकांच्या दारात ठेवली असेल तर मूल तिच्यात चिठ्ठी टाकणार नाही.

४. कॅमेरे चालू आहेत का, चित्रण किती दिवस राहतं, तपासल्याची नोंद कुठल्या वहीत आहे?

५. मुलानं उद्या काही सांगितलं तर शाळेतली कोणती व्यक्ती पोलिसांना कळवणार? तिचं नाव आजच ठरवा आणि सभेच्या वहीत लिहा.

पाचवा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘सगळ्यांची जबाबदारी’ म्हटलं की ती कुणाचीच राहत नाही. नाव लिहिलं की त्या माणसाला झोप लागत नाही.

पोरानं सांगितलं तर?

आधी ऐका. ‘खोटं बोलतोस’, ‘तू तिथं गेलासच का’ असं म्हणू नका. उलटतपासणी करू नका, जे सांगेल ते तसंच्या तसं लक्षात ठेवा. प्रकार ताजा असेल तर कपडे धुऊ नका, पोराला अंघोळ घालू नका. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, ११२ वर पोलीस मिळतात. कोणत्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर आता कायद्यात बसत नाही. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनंच करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते. बालकल्याण समितीकडून मुलाला खटल्यापर्यंत सोबत करणारी सहायक व्यक्ती मागता येते.

आणि कुणी चहा मागवून ‘गावातच मिटवू’ म्हणालं, तर त्याला कलम १९ आणि २१ वाचून दाखवा. मिटवायला बसलेल्यांत आमच्यासारखा कुणी बातमीदार असेल तर त्यालाही.

त्या बापाची अजून कधी मधी गाठ पडते. तो मला रामराम घालतो, मीही घालतो. पोरीचं लग्न झालंय एवढं कळलं. त्या दिवशी मान हलवायच्या ऐवजी मी त्याला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो असतो तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही. पण तिची शाळा तरी सुटली नसती, असं वाटतं. या महिन्यात माझ्या धाकट्याच्या शाळेची पालक सभा आहे. वरचे पाच प्रश्न मी कागदावर लिहून खिशात ठेवलेत. तुमच्या शाळेत विचारल्यावर काय उत्तर मिळालं, ते आमच्या प्रतिनिधींना जरूर कळवा. मुलाचं नाव मात्र सांगू नका, छापलं जाणार नाही.